गणपती नेत्रालय, जालना – डोळ्याला काही लागलं तर सरळ इथंच या

मामाच्या डोळ्यात उसाचं पाचट लागलं, गावातल्या मेडिकलवाल्यानं कसलेतरी ड्रॉप दिले अन् डोळा अजूनच लाल, बुबुळावर पांढरा ठिपका, मग आम्ही अंबडहून थेट जालन्याला गणपती नेत्रालयात नेलं. तिथं बुबुळावरचा नमुना तपासला, बुरशी निघाली. डॉक्टरनी नीट समजावलं की पाचट-कडबा लागलेल्या डोळ्यात न विचारता स्टेरॉइडचे ड्रॉप टाकले की बुरशी जास्त पसरते. हे शेतकऱ्यांनी लक्षात ठेवाच, लई डोळे जातात यात. औषध दर तासाला टाकायचं, रात्रीपण, घरच्यांनी आळीपाळीनं जागायचं. आता डाग आहे थोडा पण नजर वाचली, लई आभार.

गर्दी भयंकर असते, सकाळी लवकर निघा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकले की काही तास धूसर दिसतं म्हणून गाडी चालवायला कुणीतरी सोबत पाहिजेच. चुना किंवा फवारणीचं औषध डोळ्यात गेलं तर आधी घरीच पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा, मग निघा. अन् अचानक चमका, काळे ठिपके, पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा. शुगरवाल्यांनी दुखत नसलं तरी वर्षातून एकदा डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या.