निक्षय पोर्टल: सीमाभागातल्या खासगी दवाखान्याला कितपत सोयीचं?

टीबीचा पेशंट सापडला की सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांवर ७ मे २०१२ पासून बंधनकारक आहे. १६ मार्च २०१८ च्या राजपत्राने लॅब आणि औषध दुकानांनाही त्यात ओढलं, न कळवणाऱ्याला फौजदारी कलमाचा धाकही घातला. कळवायची जागा म्हणजे निक्षय, टीबीच्या नोंदीचं सरकारी ऑनलाइन पोर्टल. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात वापरायला पाचपैकी साडेतीन तारे.

सुरुवात सोपी आहे. जिल्हा क्षयरोग कार्यालयातून दवाखान्याचा आयडी एकदाच काढून घ्यायचा. मग प्रत्येक पेशंटचं नाव, वय, पत्ता, मोबाईल. टीबी फुप्फुसाचा की दुसऱ्या अवयवाचा. निदान थुंकीच्या तपासणीवर की नुसत्या एक्स-रे आणि लक्षणांवर. आधी कधी गोळ्या घेतल्यात का. कागद हाताशी असले की फार वेळ जात नाही. निक्षय आयडी मिळाला की केसपेपरवर ठळक लिहून ठेवा.

गोची होते ती पत्त्यात. महाराष्ट्रातल्या चंदगडचा पेशंट कर्नाटकातल्या बेळगावात दाखवतो, इकडच्या निपाणीचा कोल्हापूर गाठतो. उपचाराची जागा वेगळी आणि राहण्याची वेगळी, हे फॉर्मला कळतं. घाईत भरणाऱ्याला कळत नाही. चंदगडच्या माणसापुढे सवयीने बेळगाव जिल्हा टाकला की इकडचा क्षयरोग कर्मचारी नसलेलं घर शोधत फिरतो आणि तिकडे घरच्यांची तपासणी राहून जाते. पेशंट गावाकडे गोळ्या घेणार असेल तर निक्षयवरची त्याची नोंद तिकडच्या केंद्राला ट्रान्सफर करा. तिकडे नव्याने नोंद झाली की एकाच माणसाचे दोन पेशंट होतात, त्यातला एक कागदावर उपचार सोडून पळालेला दिसतो. ट्रान्सफर पाठवून हात झटकू नका. पलीकडच्या केंद्राने स्वीकारली की नाही ते फोन करून विचारा. राज्य बदलतं तिथे तर नक्कीच.

स्पेलिंग आधारवर असेल तेच ठेवा. पाटील एका कागदावर 'आय'ने आणि दुसऱ्यावर दोन 'ई'ने असतात, मग बँकेच्या नावाशी जुळत नाही आणि पेशंटला पोषणासाठी सरकारकडून मिळणारे पैसे अडकतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना ५०० ची १००० रुपये झाली आहे, म्हणजे गरिबाच्या घरात ती जाणवते. आपल्याकडचा हमखास घोळ म्हणजे सिंडिकेट बँकेचं जुनं पासबुक. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, जुना आयएफएससी आता चालत नाही. नवं पासबुक मागा.

पेशंटला आधी विश्वासात घ्या. 'पोरीचं लग्न ठरायचंय, कळवू नका' हे कानावर येणारच. यादी चावडीवर लागत नाही हे सांगा, आणि घरी येण्याआधी फोन करायला कर्मचाऱ्याला सांगून ठेवा.

नोंदीचे ५०० आणि उपचाराचा निकाल भरल्यावर आणखी ५०० रुपये डॉक्टरला मिळतात. पहिली नोंद बहुतेक जण करतात, निकालाचा रकाना मात्र रिकामाच राहतो. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, तेव्हा संपायची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका.

आणि लपवायचं मनात असेल तर एवढं ध्यानात ठेवा: टीबीच्या गोळ्या मार्च २०१४ पासून एच-वन रजिस्टरमध्ये, म्हणजे ठराविक औषधांच्या विक्रीसाठी दुकानात ठेवायच्या वेगळ्या नोंदवहीत आहेत. दुकानदार तिथे पेशंटबरोबर डॉक्टरचंही नाव लिहितो, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं.