कुंपणच शेत खात होतं: व्हॅलग्राइंडसोबतचे आठ महिने

सर्व्हरवर लक्ष ठेवायला मी सीमध्ये एक छोटा मॉनिटर लिहिला होता. सीपीयू, मेमरी, लोड. दर सेकंदाला एक ओळ. महिनाभराने सर्व्हर जड का झालाय म्हणून टॉप (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड) उघडला, तर वरच्या चार जणांत आमचाच पहारेकरी, ३०० एमबी घेऊन बसलेला. खरं सांगायचं तर पुढचे दोन महिने मी रात्री तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रीस्टार्ट मारून दिवस ढकलले. मग लाज वाटली आणि व्हॅलग्राइंड हाती घेतलं, म्हणजे प्रोग्राम चालवून त्यातल्या मेमरीच्या चुका आणि लीक (घेतलेली पण परत न केलेली मेमरी) शोधणारं साधन.

(मूळ उच्चार 'ग्रिंड'च्या जवळचा आहे म्हणे. नॉर्स पुराणातल्या वल्हालाच्या दाराचं हे नाव. आमच्याकडे सगळे ग्राइंडच म्हणतात, मीही.)

पहिल्याच दिवशी चोर सापडला. डीबग माहितीसकट कंपाइल केलं, लीक-चेक 'फुल' ठेवून दहा मिनिटं चालवलं. 'डेफिनिटली लॉस्ट' (नक्की हरवलेली मेमरी) या शीर्षकाखाली जवळजवळ ६०० ब्लॉक, प्रत्येकी १२० बाइट, आणि खाली थेट माझ्या फाइलचा ओळ क्रमांक. लोडॲव्हरेज वाचताना गेटलाइनला (फाइलमधली एक ओळ वाचणारं फंक्शन) द्यायचा पॉइंटर मी लूपच्या आतच नल करत होतो. त्यामुळे दर सेकंदाला नवा बफर मिळायचा आणि जुना फ्री करायला (मेमरी परत द्यायला) कुणी नाही. १२० बाइट म्हणजे चिल्लर, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरा. १० एमबी झाले. महिन्याचे ३०० कुठून आले ते कळलं. पॉइंटर लूपच्या बाहेर काढला, शेवटी एक फ्री. दोन ओळींचं काम.

दुसऱ्या चुकीने मात्र घाम काढला. मॉनिटर सुरू झाल्यावर पहिल्या सेकंदाला कधीकधी सीपीयू चार हजार टक्के दाखवायचा. मेमचेकने (व्हॅलग्राइंडमधलं मेमरी तपासणारं साधन) तक्रार केली ती भलत्याच ओळीवर: ९०च्या वर गेलं की रंग लाल करायचा, त्या 'इफ'वर. तिथे दोन तास डोकं आपटलं. नंतर कळलं की कचरा व्हॅल्यू नुसती इकडून तिकडे कॉपी केली तर मेमचेक गप्प बसतं. तिच्यावर काही निर्णय घ्यायची वेळ आली की मगच ओरडतं. ट्रॅक-ओरिजिन्स (कचरा व्हॅल्यू मुळात कुठून आली ते सांगणारा पर्याय) चालू केल्यावर बोट बरोबर जागी गेलं. मागच्या रीडिंगचं स्ट्रक्चर मी शून्य न करताच वजाबाकीला घेत होतो. हा पर्याय वेग आणखी निम्मा करतो, तरी मी तो आता कायम चालूच ठेवतो.

वेगाचं म्हणाल तर रडगाणं आहेच. प्रोग्राम वीस-तीस पट हळू चालतो. इतर कशात चालून जाईल, पण मॉनिटरच्या बाबतीत गंमत होते: तो जे सीपीयूचे आकडे दाखवतो त्यात त्याचंच ओझं मिसळलेलं असतं. त्यामुळे व्हॅलग्राइंडखाली असताना आकडे बघूच नका, फक्त रिपोर्ट बघा.

आणि ते सगळंच पकडतं असंही नाही. कोअरसाठी मी चार घरांचा ग्लोबल ॲरे ठेवला होता, नवं मशीन आठ कोअरचं आलं. पाचव्या घरात लिहिणं चालू, मेमचेकला पत्ताच नाही. ते ॲड्रेस सॅनिटायझरने (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचाच पर्याय) एका रनमध्ये धरलं. तो साधारण दुप्पटच हळू करतो, पण त्यासाठी पुन्हा कंपाइल करावं लागतं, आणि शून्य न केलेल्या व्हेरिएबलचं त्याला काही पडलेलं नसतं. दोघं एकत्र चालत नाहीत. आलटून पालटून वापरतो.

मला फार उशिरा सापडलेली गोष्ट म्हणजे व्हॅलग्राइंडसोबत येणारी व्हीजीडीबी ही कमांड. मॉनिटरसारखा प्रोग्राम थांबतच नाही, मग शेवटचा रिपोर्ट यायचा कधी? व्हीजीडीबीने चालू प्रोसेसलाच लीक-चेक मागता येतो. हे आधी माहीत असतं तर अर्धा ऑक्टोबर वाचला असता.

सध्या मॉनिटर दोन एमबीच्या आत आहे, आठवडेच्या आठवडे तिथेच. क्रॉनमधली रात्री तीनची ओळ मात्र अजून पुसलेली नाही, फक्त पुढे हॅश लावून ठेवलाय, म्हणजे ती चालत नाही.