आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतला रेफरन्स सेक्शन आता ईबुकवर

गेल्या वर्षी आमच्या लायब्ररीने रेफरन्सची बरीचशी कपाटं रिकामी केली आणि त्याऐवजी ईबुकचं लॉगिन दिलं, एक सेमिस्टर वापरून झाल्यावर लिहितेय. चांगलं आधी सांगते, रात्री अकराला होस्टेलमधून एनसायक्लोपीडिया उघडता येतो, हे आधी शक्यच नव्हतं कारण रेफरन्सचं पुस्तक घरी नेऊ देत नाहीत. ब्रिटानिकानेसुद्धा ३२ खंडांची छापील आवृत्ती २०१२ मध्ये बंद केली, त्यामुळे काळ बदललाय हे मान्य.

पण काही पुस्तकांचं लायसन्स एका वेळी एकाच युजरचं आहे! परीक्षेच्या आठवड्यात साठ जणांना तोच हँडबुक हवा असतो आणि स्क्रीनवर येतं, दुसरं कोणीतरी वापरतंय, थांबा. मग कपाटातली एक कॉपी काय वाईट होती, निदान शेजारी बसून दोघीतिघी वाचायचो तरी. शिवाय वर्गणी भरली नाही की काही पुस्तकं गायबच होतात, छापील पुस्तक विकत घेतलं की कायमचं लायब्ररीचं असतं, हा फरक कोणी समजावूनच सांगत नाही.

मराठीचं तर विचारूच नका, पॅकेजमध्ये जवळजवळ काहीच नाही. मराठी विश्वकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश नेटवर फुकट आहेत, त्यांची लिंक तरी लायब्ररीच्या पेजवर टाका ना. आणि छापील कोश रद्दीत देऊ नका, प्लीज. पाचपैकी तीन स्टार.