रिजिड हेडल लूम आणि कपाटात साठलेली लोकर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

क्रोशा आणि सुयांवर विणणाऱ्या मंडळींत हल्ली एक प्रश्न फिरून फिरून येतो: "छोटा माग घ्यावा का? साठलेली लोकर संपेल का?" माझ्याकडे माग आला तो गेल्या दिवाळीच्या आधी, आणि आता पावसाळा सरत आलाय. एवढ्या वापरानंतर छातीठोकपणे सांगते, लोकर संपते आणि झपाट्याने संपते. पण कपाटातली सगळी लोकर मागावर चढत नाही. कुठली चढते आणि कुठली नाही, हे आधी कळलं तर पैसेही वाचतात आणि चिडचिडही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझा माग रिजिड हेडल जातीचा, टेबलावर ठेवायचा, लाकडी, 40 सेंटीमीटर रुंदीचा. भारतातच बनवलेला आहे. पुढे त्याच्याबद्दल कुरकुर करणार आहे, म्हणून बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. न्यूझीलंडच्या ॲशफर्डचे किंवा अमेरिकेतल्या शाख्टचे याच जातीचे माग मिळतात, पण मागवायचे तर वाहतूक आणि कस्टम धरून पाच आकडी रकमेची तयारी ठेवावी लागते. तत्त्व सगळ्यांचं एकच. मधोमध एक प्लॅस्टिकची फणी असते, तिला हेडल म्हणतात. तिच्यात एकाआड एक उभी फट आणि बारीक भोक. भोकातले धागे हेडलबरोबर वर-खाली होतात, फटीतले जागच्या जागी राहतात. हेडल वर उचललं की दोन थरांत वाट तयार होते, तिच्यातून शटल, म्हणजे धागा गुंडाळलेली पट्टी, फिरवायचं, त्याच हेडलने धागा पुढे दाबून बसवायचा. मग हेडल खाली, शटल परत. संपलं.

आमच्या इमारतीत एक काका आहेत, त्यांची उमेदीची वर्षं इचलकरंजीत यंत्रमागांवर गेली. त्यांनी येऊन दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "अगं, वही पण हीच आणि फणी पण हीच? बरं डोकं लढवलंय." (मोठ्या मागावर धागे वर-खाली करणारी ती वही आणि आडवा धागा ठोकून बसवणारी ती फणी, दोन्ही वेगळ्या असतात.) पुढचा प्रश्न लगेच आला: "सायझिंग केलंस का सुताला?" तेव्हा मी हसले होते. त्या प्रश्नात किती तथ्य होतं ते पुढे येईलच.

विकणारे व्हिडिओत शटल सरसर फिरताना दाखवतात. खरं काम त्याआधी, ताणा म्हणजे उभे धागे चढवण्यात आहे. या मागावर त्याची पद्धत सोपी आहे, पण जागा मागते. माग जेवणाच्या टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा आणि अडीच मीटरवर समोर एक खुंटी. माझी खुंटी बाल्कनीच्या दाराजवळच्या स्टुलाला लावते आणि स्टुलावर तांदळाचा डबा ठेवते, नाहीतर ताणामुळे स्टूल हळूहळू मागाकडे सरकतं. धाग्याचं टोक मागच्या दांडीला बांधायचं, प्रत्येक फटीतून हुकाने एक फास ओढायचा, चालत जाऊन खुंटीत अडकवायचा, परत यायचं. दुसरी फट, दुसरा फास. दहा इंची स्कार्फ असला तरी चालून चालून पाय बोलू लागतात. सगळे फास झाले की खुंटीजवळ कापायचे, मध्ये जाड कागद घालत मागच्या रुळावर गुंडाळायचे. मग शेवटचं बारीक काम: प्रत्येक फटीत आता दोन धागे असतात, त्यातला एक काढून शेजारच्या भोकात ओवायचा. संध्याकाळच्या उजेडात काळ्या धाग्याचं हे काम करू नका. चष्मा असला तरी नाही.

हे सगळं होईपर्यंत घरच्यांना हॉलमधून बाल्कनीत जाता येत नाही. आमच्याकडे त्यावर बरीच टोमणेबाजी झाली. आता मी रविवारी सकाळी सगळे उठायच्या आत उरकते.

एकदा ताणा बसला की मात्र जो वेग आहे तो क्रोशावाल्यांना खोटा वाटेल. जो स्टोल हुकावर आठवडे खातो, तो दोन-तीन संध्याकाळींत उतरतो. आणि लोकरही कमी लागते, कारण क्रोशात धागा स्वतःभोवतीच वळसे घेतो, इथे सरळ जातो. हिशेबच सांगते. माझ्या हेडलला इंचाला साडेसात धागे बसतात. दहा इंच रुंदीला 75 धागे, प्रत्येक अडीच मीटरचा, म्हणजे ताण्याला साधारण 188 मीटर. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, त्याहून थोडं कमी. एकूण साडेतीनशे मीटरच्या आसपास. यातली सुरुवातीची आणि शेवटची मिळून अर्धा मीटरभर लांबी विणताच येत नाही, ती बांधण्यात आणि हेडलच्या मागे अडकून राहते. उरलेलं कापड मागावरून उतरल्यावर आणि धुतल्यावर सुमारे दहा टक्के आटतं. हातात येतो तो पावणेदोन मीटर लांब, नऊ इंच रुंद स्कार्फ. ते वाया जाणारं अर्धं मीटर जिवाला लागतं, म्हणून मी आता एकाच ताण्यावर दोन-तीन वस्तू ओळीने विणते. त्याची झालर करता येते, तीही एक सोय.

एक मोठा फरक आधीच समजून घ्या. क्रोशात नको वाटलं की टोक ओढलं, सगळं उसवलं, लोकर जशीच्या तशी. इथे बाणा उसवता येतो, पण एकेक ओळ, शटल उलट फिरवून. आणि ताणा एकदा कापला की तो त्याच लांबीचा राहिला. शिवाय हे घेऊन लोकलमध्ये किंवा डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत विणत बसता येत नाही. माझा क्रोशा त्यामुळे सुटलेला नाही, पर्समध्ये आहेच.

आता लोकरीचं. विणणाऱ्यांचे जगभरचे जे गट आहेत, त्यात रॅव्हेलरी हे संकेतस्थळ 2007 पासून चालू आहे. मुळात सुया आणि क्रोशासाठी, पण तिथे मागावरची कामंही लोक नोंदवतात, आणि कुठल्या धाग्याचं काय झालं हे फोटोसकट पाहायला मिळतं. मी तिथूनच बरंच शिकले. पण त्यांचे सल्ले थंड देशांतले आहेत. त्यांच्या हातात खरी मेंढीची लोकर असते. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, कोमट पाण्यात जरा चोळलं की ते एकमेकांत अडकतात, कापड दाटतं आणि सैल वीणही धुतल्यावर भरून येते. "वीण विरळ दिसली तरी काळजी करू नका, धुतल्यावर बसेल," असं ते म्हणतात ते या जोरावर. आपण तुळशीबागेतून आणतो ती बहुतेक ॲक्रिलिक. ती धुवा, उकळा, काही दाटत नाही. मागावर विरळ असेल तर कपाटातही विरळच राहील. वर गरम इस्त्री लावलीत तर चपटी होऊन चकाकते आणि कापड लुळं पडतं. कापड घालून हलकी वाफ, एवढंच.

ॲक्रिलिकचा दुसरा स्वभाव म्हणजे ते ताणलं जातं. ताणा चढवताना जोर लावलात तर विणताना सगळं छान सपाट दिसतं आणि रुळावरून सोडलं की आखडून सुरकुत्या धरतं. हात हलका ठेवायचा, सगळ्या धाग्यांवर सारखा. मऊ, सैल पिळाची बेबी लोकर ताण्याला वापरूच नये असं माझं मत. हेडल प्रत्येक ओळीला त्याच धाग्यांवर घासतं, दोन-चार इंचांत केस उठतात, शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि वाट नीट उघडत नाही. यावरचा उपाय म्हणजे काकांचं सायझिंग, सुताला खळ देणं. इचलकरंजीत ताण्याचं सूत मागावर जाण्याआधी खळीतून काढतात, आणि सणगर लोक घोंगडी विणतात तेव्हा लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. मी एवढं करत नाही. साडीला लावतो ती कांजी अगदी पातळ करून स्प्रेच्या बाटलीत भरते, ताणा बसल्यावर मारते, वाळू देते. केसाळ धाग्यावर फरक लगेच दिसतो, आणि पहिल्या धुण्यात ती निघूनही जाते.

सगळ्यात सुखाचा ताणा म्हणजे सुती विणकामाचा धागा, चांगला पीळ असलेला. ताणत नाही, तुटत नाही, केस धरत नाही. आता माझा नियम असा झालाय: उभा धागा सुती, आडवा काहीही. उरलेसुरले गोळे, बेबी लोकर, चमकीचा धागा, जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यासुद्धा. कपाट रिकामं झालं ते या आडव्या धाग्यात.

धागा हेडलला जुळतो का हे पाहायला लेबलवरच्या प्लायवर जाऊ नका. तो आकडा किती पदर आहेत ते सांगतो, जाडी सांगत नाही. पट्टीवर एक इंचात धागा शेजारी शेजारी गुंडाळा, वेढे मोजा, निम्मे करा. पंधरा वेढे आले तर साडेसातचं हेडल योग्य. 20 नंबरचा क्रोशाचा दोरा साडेसातवर लावलात तर मच्छरदाणी होईल. त्याला साडेबाराचं किंवा पंधराचं हेडल हवं, आणि ते वेगळं विकत घ्यावं लागतं.

कडा आत ओढल्या जाण्याची तक्रार सगळेच करतात. उपाय फुकटचा आहे: बाण्याचा धागा वाटेत सरळ न टाकता तिरका सोडायचा, मग दाबायचा. कडेला धागा जेमतेम टेकला पाहिजे, आवळायचा नाही. क्रोशात धागा बोटावर ताणून धरायची सवय असते, ती मोडायला वेळ लागतो.

आता कुरकुर. माझ्या मागाच्या दातेरी चाकाची खिट्टी सुती ताणा घट्ट केला की मधूनच सुटते आणि सगळा ताण एकदम ढिला पडतो. विक्रेत्याला दोनदा कळवलं, "जपून वापरा" असं उत्तर आलं. शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराने खिट्टीमागे छोटी स्प्रिंग बसवून दिली, तेव्हापासून त्रास नाही. हेडलच्या काही फटींच्या कडांना प्लॅस्टिकचे बारीक काटे होते. नवा माग आला की प्रत्येक फटीतून लोकरीचा तुकडा ओढून पाहा, अडकला तिथे पॉलिश पेपर फिरवा. सोबत आलेली शटलं मात्र उत्तम निघाली, गुळगुळीत आणि हलकी. पावसाळ्यात लाकूड फुगून रूळ थोडा जड फिरू लागला. पण हे कुठल्याही लाकडी वस्तूचं होतं.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "यावर पैठणी होईल का?" गंमत अशी की प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. येवल्यात पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने गुंतवूनच उतरतो, आणि हाताने रंग गुंतवणं या मागावरही जमतं. मी एका आसनावर चौकोनी फुलं तशी काढली. पण तिथे बारीक रेशीम असतं आणि इथे इंचाला साडेसात धागे. फूल ओळखू येतं, एवढंच.

टिकाऊपणाचं विचाराल तर सुती ताण्यावरचे टेबलमॅट रोजच्या वापरात आणि मशीनच्या धुण्यात छान टिकलेत. उशीचे अभ्रेही. कापड कापून शिवायचं असेल तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी झिगझॅग शिलाई मारा, मगच कात्री लावा, नाहीतर डोळ्यांदेखत सुटतं. ॲक्रिलिकचे स्कार्फ घसटून गोळे धरतात, ते क्रोशातही धरतातच.

ज्यांना आधी चव घ्यायची आहे त्यांनी थेट मागाला हात घालू नये. पिन लूम बघा. तळहाताएवढी चौकट, कडेने खिळे, धागा तीन थरांत खिळ्यांभोवती फिरवायचा आणि चौथा थर लांब सुईने विणायचा. ताणा चढवणं नाही, वाया जाणारा धागा नाही. चार इंची चौकोनाला साडेसात मीटरच्या आत लोकर लागते, म्हणजे जे शेपटासारखे गोळे आपण टाकवत नाही म्हणून ठेवतो ते यात खपतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात अशा चौकटी घरोघर गेल्या होत्या. प्रवासातही चालते. चौकोन क्रोशाने जोडायचे, ग्रॅनी स्क्वेअर जोडतो तसेच. माझी भाची आता तेच करतेय आणि माझ्या मागाकडे ढुंकून पाहत नाही.

रुंदीबद्दल दोन जणींनी विचारलं होतं. 40 सेंटीमीटर स्टोल, टॉवेल, मॅट यांना पुरतं. 60 चा घेतलात तर शाल एका पट्टीत होईल, पण शटल एका हातून दुसऱ्या हातात नेताना खांदे बोलतात आणि माग ठेवायला पलंगाखालीही जागा होत नाही. मी मोठा घेणार नाही. त्याऐवजी साडेबाराचं हेडल मागवलंय. कपाटात क्रोशाच्या बारीक दोऱ्याची एक अख्खी पिशवी पडून आहे, ती साडेसातवर चढणारी नाही.