लिबफ्यूज ३: फाइलसिस्टीम लिहायला उत्तम, पण दस्तऐवज नीट वाचा

कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) हात न लावता सी भाषेत स्वतःची फाइलसिस्टीम लिहायची तर लिनक्सवर लिबफ्यूज या लायब्ररीला पर्याय शोधायची फारशी गरज नाही. ही लायब्ररी ज्याच्याशी बोलते तो कर्नलमधला फ्यूज हा भाग २००५ पासून, २.६.१४ आवृत्तीपासून आहे. नुसतं वाचण्यापुरतं काम असेल तर गेटअ‍ॅटर (फाइलीची माहिती), रीडडिर (फोल्डरची यादी), ओपन आणि रीड ही चार फंक्शनं पुरतात. कोडमध्ये लिबफ्यूजचं हेडर घेण्याआधी फ्यूज_यूज_व्हर्जन (FUSE_USE_VERSION) ३१ डिफाइन करा.

खरी गंमत रीडमध्ये आहे. मागितले तेवढे बाइट द्यावेच लागतात. फाइल संपली नसताना कमी दिलेत, तर उरलेली जागा कर्नल मुकाट्याने शून्यांनी भरतो. एररही नाही! गेटअ‍ॅटरमध्ये फाइलीचा आकार शून्य राहिला तर फाइल दाखवणारी कॅट कमांड काहीच दाखवत नाही. एरर कोड उणे चिन्हासह परत करायचा, हेही नवखे हमखास विसरतात.

पणजीत बसून दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली माउंट करणार असाल, तर पावसाळ्याचा विचार आधीच करा. लाइन गेली की रीड अडकतं आणि यादी दाखवणारी एलएस कमांड लटकून बसते. लायब्ररी तुमच्यासाठी टाइमआउट लावत नाही. तो कोडमध्ये आपणच घालून वेळ संपली की उणे ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) परत करावा. तरीही अडकलंच, तर सिस-एफएस-फ्यूज-कनेक्शन्स (/sys/fs/fuse/connections) फोल्डरमधल्या त्या माउंटच्या अबॉर्ट फाइलीत १ लिहा. प्रोग्राम क्रॅश झाल्यावर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ दिसलं तर माउंट काढण्यासाठी फ्यूजरमाउंट३ -यू (fusermount3 -u) चालवा.

डीबगिंग करताना -एफ (प्रोग्राम समोरच चालू ठेवणारा) आणि -एस (एकच थ्रेड वापरणारा) हे दोन्ही पर्याय द्या. नाहीतर अनेक थ्रेड्सच्या गोंधळात चूक सापडणं कठीण.