मेसेंटेरिक सिस्ट की आयजीजी४ चा फायब्रोसिस: सुई घालायची का नाही?

सीटीच्या रिपोर्टात 'सिस्टिक लीजन' (पाण्याची गाठ) नाहीतर 'रेट्रोपेरिटोनियल सॉफ्ट टिश्यू' (पोटाच्या मागच्या भागात जमलेला टिश्यू) असं काहीतरी आलं की घरचे आधी कॅन्सरचं विचारतात आणि मग लगेच, सुई घालून बघायचं का. मेसेंटेरिक सिस्ट आणि आयजीजी४ (रक्तातली एक अँटिबॉडी) चा आजार दोन्ही दुर्मिळ, दोन्ही कॅन्सर नाहीत, पण सुईच्या बाबतीत दोघांचं उत्तर बरोबर उलटं आहे.

सिस्टचं आधी. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात झालेली पाण्याची पिशवी, मोठ्यांमध्ये साधारण लाख अ‍ॅडमिशनमागे एक. बऱ्याचदा पत्ताच नसतो, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की सापडते. हाताला लागली तर डावी-उजवीकडे सहज सरकते, वर-खाली फारशी नाही, ही टियो नावाच्या फ्रेंच सर्जनची खूण, ज्याने १८८० मध्ये अशी सिस्ट पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. सुईने पाणी ओढून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल, पण पिशवी जागेवरच राहते आणि परत भरते. शिवाय आपल्याकडे हायडॅटिड असायची शक्यता असते, कुत्र्या-मेंढ्यांमधून येणाऱ्या जंताची गाठ, ती फुटून पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून त्याची रक्ततपासणी झाल्याशिवाय सुईला हो म्हणू नका. दुखत असेल, वाढत असेल, भिंत जाड किंवा आत घट्ट भाग असेल तर पूर्ण काढणं हाच खरा इलाज, बहुतेकदा दुर्बिणीतून, क्वचित आतड्याचा तुकडाही जातो. छोटी, साधी, त्रास न देणारी असेल तर सर्जनला विचारून लक्ष ठेवता येतं.

आयजीजी४ चं प्रकरण वेगळं. इथे पाणी नाही, घट्ट टिश्यू (फायब्रोसिस) असतो, आणि तो आपल्याच इम्युनिटीचा उद्योग. जपानमध्ये २००१ साली मात्सुमोतो शहरातल्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या अशा सुजेत रक्तातलं आयजीजी४ वाढलेलं दाखवलं, त्याआधी कॅन्सर समजून कित्येकांची स्वादुपिंडं कापली गेली होती. साधारण पन्नाशी-साठीचे पुरुष जास्त. कधी न दुखता कावीळ होते, कधी महाधमनीभोवती टिश्यू जमून युरेटर (किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या) आवळले जातात. रक्तात आयजीजी४ चा आकडा १३५ (mg/dL) च्या वर आला म्हणजे झालं असं नाही, काही पेशंटचा तो नॉर्मल असतो आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही वाढू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) कराच, आणि तीही स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी, कारण लिम्फोमासुद्धा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) स्टेरॉइडने तात्पुरता वितळतो आणि मग कशावर गुण आला तेच कळत नाही.

औषध म्हणाल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, स्वस्त, आणि काही आठवड्यांत स्कॅनमध्ये फरक दिसतो, पण शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि डोस कमी केला की आजार उलटणं कॉमन आहे. वारंवार उलटला तर रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन, महाग. अमेरिकेत २०२५ मध्ये इनेबिलिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनला खास याच आजारासाठी मंजुरी मिळाली. यातलं काहीही घ्यायच्या आधी टीबी आणि हेपॅटायटिस बी तपासून घ्या.

रेडिओलॉजिस्टला सरळ विचारा, आत पाणी आहे की घट्ट आहे, आणि युरेटर मोकळे आहेत का. पाणी असेल तर पोटाचा सर्जन, घट्ट असेल तर रुमॅटॉलॉजिस्ट. किडनी सुजून क्रिएटिनिन चढत असेल तर मात्र बायोप्सीची तारीख मिळायची वाट बघत बसू नका, आधी युरॉलॉजिस्टकडून डीजे स्टेंट (युरेटर मोकळा ठेवणारी बारीक नळी) टाकून घ्या.