जहाजावरची खोली निवडताना: बाल्कनीच्या आधी जागा पाहा (एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव)

क्रूझची चौकशी करणारा सोलापूरकर पहिला प्रश्न विचारतो तो बाल्कनीचा. बाल्कनी आहे का, नसेल तर निदान खिडकी आहे का, आणि दरात फरक किती पडतो, एवढ्यावर बहुतेकांची निवड आटोपते. खोली कितव्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, आहे, जहाजाच्या पुढच्या अंगाला आहे की मधोमध, तिच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. गेल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या हंगामात आमच्या टॉवेल-चादरींच्या पेढीच्या विक्रेत्यांना सहलीला नेण्याचे काम माझ्याकडे होते. बहुतेक सहली मुंबईहून आणि काही सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर झाल्या. खोल्यांचे वाटप मीच करीत असल्याने आतली, खिडकीची आणि बाल्कनीची अशा सर्व प्रकारच्या खोल्यांत मला राहता आले, आणि प्रत्येक सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सोबतच्या मंडळींच्या तक्रारीही ऐकून घ्याव्या लागल्या. त्यातून बनलेले माझे मत असे, की खोलीचा प्रकार ही दुय्यम बाब आहे. झोप लागेल का, प्रकृती ठीक राहील का आणि पायपीट किती होईल, या तिन्हींचा निकाल खोलीच्या जागेवर लागतो.

प्रथम हेलकाव्यांविषयी. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलते: एक डावीकडून उजवीकडे डोलते, आणि दुसरे म्हणजे लाटेवर चढताना पुढचे टोक उचलले जाऊन परत खाली येते. मोठ्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना बाहेर काढता येणारे पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. हे पंख पहिल्या प्रकारचे डोलणे बरेच आवरतात. मात्र पुढची-मागची उचल त्यांच्याने थांबत नाही. साहजिकच या हालचालीच्या मध्याजवळ, म्हणजे जहाजाच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर असलेली खोली सर्वांत स्थिर राहते, तर नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, आणि वरच्या डेकवरची खोली सर्वांत जास्त हलते. खराब रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला जे सोसावे लागते, ते चालकामागच्या बाकावरच्याला कळतही नाही, तसाच हा प्रकार आहे. गमतीची गोष्ट अशी, की अनेक जहाजांवर सर्वांत महागड्या स्वीटपैकी, म्हणजे प्रशस्त आलिशान खोल्यांपैकी, काही नेमके वरच्या डेकवर आणि पुढच्या टोकाला असतात, कारण तेथून समोरचा समुद्र दिसतो. दृश्य खरोखर भव्य असते, पण ज्याला बोट लागते त्याला ते पाहण्याची शुद्ध राहील, याची खात्री मी देणार नाही.

मेमध्ये अशा पुढच्या खोलीत मी राहिलो, तेव्हा कपाटातील रिकामे हँगर रात्रभर एकमेकांवर आपटत होते आणि न्हाणीघराचे दार कडी लावली नाही तर आपोआप उघडत-मिटत होते. शेवटी हँगर काढून गादीखाली ठेवले, तेव्हा कोठे डोळा लागला. त्याच जहाजावर, त्याच रात्री, मधल्या भागात खालच्या डेकवर उतरलेल्या पंढरपूरच्या एका विक्रेत्याने सकाळी मला विचारले, की जहाज रात्री बंदरातच उभे होते काय. हे महोदय घाटात गाडी लागणाऱ्यांपैकी आहेत, हे विशेष. डिसेंबर-जानेवारीत अरबी समुद्र इतका शांत असतो की या फरकाची फारशी दखल घेण्याचे कारण नाही. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळतो आणि पश्चिम किनाऱ्यावरील क्रूझ थांबतात. मेच्या उत्तरार्धात मात्र पाण्याला त्याची चाहूल आधीच लागलेली असते, म्हणून शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मधली जागा सोडू नये.

आता आवाजाविषयी, कारण सर्वांत अधिक तक्रारी त्याच्याच आल्या आणि सर्वांत कमी माहितीही त्याचीच दिली जाते. जहाज हे पोलादी बांधकाम आहे. एका ठिकाणी झालेला ठोका भिंतींतून आणि छतातून लांबवर जातो. पोहण्याच्या तलावाच्या डेकखालची खोली तिकीटविक्रीच्या वेळी सोयीची म्हणून सांगितली जाते, कारण तलाव आणि खानपान एका जिन्यावर असते. प्रत्यक्षात त्या डेकवर रात्री उशिरापर्यंत संगीत चालते आणि पहाटे सफाईला सुरुवात झाली की खुर्च्या ओढण्याचा आवाज थेट उशाशी येतो. एका सहलीत आमच्या वयस्क मंडळींसाठी शांत खोल्या हव्यात, असे मी पंधरवडा आधी लेखी कळविले होते. तरीही त्यांना नृत्याच्या क्लबच्या बरोबर वरच्या खोल्या मिळाल्या, आणि मध्यरात्री तक्रार केली असता काउंटरवरून कानात घालायचे बोळे देण्यात आले. बोळे बरे होते, एवढे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण पलंगाच्या पायांतून येणाऱ्या ढोलाच्या ठोक्यांवर त्यांचा काही उपाय चालत नाही.

यावर मी स्वीकारलेली पद्धत सोपी आहे. प्रत्येक क्रूझ कंपनी जहाजाच्या डेकचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर देते. आपल्या खोलीच्या डेकचा नकाशा, त्याच्या वरच्या डेकचा आणि खालच्या डेकचा असे तीन कागद छापून घ्यावेत आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहावेत. वर खोल्या आणि खालीही खोल्या असतील तर ती जागा घ्यावी. वर स्वयंपाकघर, खानपानगृह, व्यायामशाळा किंवा धावण्याची पट्टी असेल, अथवा खाली नाट्यगृह किंवा क्लब असेल, तर दर कितीही आकर्षक असला तरी विचार करावा. नकाशात काही ठिकाणी नुसता कोरा पांढरा भाग दिसतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे; तो रिकामा नसतो. तेथे कर्मचाऱ्यांच्या वाटा, सामानाच्या खोल्या, कपडे धुण्याची किंवा भांड्यांची व्यवस्था असे काहीतरी असते, आणि पहाटे ढकलगाड्यांचा खडखडाट तेथूनच सुरू होतो. अगदी पुढच्या खालच्या खोल्यांना आणखी एक त्रास असतो: जहाज धक्क्याला लावताना पुढच्या भागातील, जहाज बाजूला सरकवणारे आडवे पंखे चालू होतात, आणि नांगर टाकायचा असेल तर साखळीचा आवाजही तेथेच घुमतो. गोव्याला मुरगाव बंदरात सकाळी पोहोचायचे असेल, तर या खोलीत गजर लावण्याची आवश्यकता नाही. मागच्या टोकाच्या खालच्या खोल्यांत जहाज पुढे ढकलणाऱ्या मुख्य पंख्यांची थरथर जाणवते. आवाजापेक्षा ती थरथरच काहींना अधिक छळते.

शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार ही गोष्टही नकाशात चिन्हाने दाखविलेली असते. कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या असतील तर हे दार वरदान आहे. अनोळखी शेजारी असेल तर त्याचे घोरणे, टीव्ही आणि पतिपत्नींचा संवाद यांत आपण नकळत सहभागी होतो. बार्शीच्या एका जोडप्याने शेजाऱ्यांच्या घरच्या वाटणीचा वाद तपशिलासह मला ऐकविला होता.

खोलीच्या प्रकाराकडे आता वळतो. आतली, म्हणजे बिनखिडकीची खोली ही आपल्याकडे कमीपणाची समजली जाते, आणि सहलीत ती आपल्या वाट्याला आली की विक्रेत्याचा चेहरा उतरतो. माझे मत वेगळे आहे. खोलीत केवळ झोपण्यापुरते जाणाऱ्यासाठी, आणि मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या थोड्या रात्रींच्या फेरीसाठी, मधोमध असलेली आतली खोली ही टोकाच्या बाल्कनीपेक्षा निश्चित सरस ठरते. तेथे अंधार असा पूर्ण असतो की दुपारीही गाढ झोप लागते; मात्र रात्री उठताना काही दिसत नाही, म्हणून न्हाणीघराचा दिवा लावून दार किंचित उघडे ठेवावे, किंवा टीव्हीवर जहाजाच्या समोरच्या कॅमेऱ्याची वाहिनी असल्यास ती आवाज बंद करून चालू ठेवावी, म्हणजे उजाडल्याचेही कळते. तिची एक खरी उणीव सांगितली पाहिजे: बोट लागल्यावर क्षितिजाकडे पाहिल्याने आराम पडतो, कारण डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाला जाणवणारी हालचाल यांचा मेळ बसतो, आणि आतल्या खोलीत ती सोय नसते. त्रास होऊ लागला तर पलंगावर पडून न राहता मोकळ्या डेकवर जावे. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना मात्र ही खोली कोणत्याही दरात देऊ नये.

खिडकीच्या खोल्यांत एक दुर्लक्षित प्रकार आहे. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक नावा टांगलेल्या असतात, म्हणून त्या खोल्या अडलेल्या दृश्याच्या म्हणून स्वस्तात विकल्या जातात. समुद्र थोडाच दिसतो, पण उजेड येतो, दिवस-रात्र कळते, आणि अनेक जहाजांवर या खोल्या मधल्या भागात असल्याने हेलकावेही कमी लागतात. ज्येष्ठांसाठी मी आता शक्यतो याच खोल्या मागतो.

बाल्कनीची मौज नाकारण्याचे कारण नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून जहाज निघते, तेव्हा उजव्या बाजूच्या बाल्कनीतून गेटवे आणि ताजचा घुमट दिसतो, आणि डाव्या बाजूला पुढे अलिबागचा किनारा आणि खांदेरी बेटाची बाजू लागते. दक्षिणेकडे जाताना मावळतीचे ऊन उजवीकडे असते, परतताना ते डावीकडे येते. पण सोलापूरच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याला बेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाची सवय आहे. समुद्रावरच्या दमट हवेची नाही. मे महिन्यात दुपारी बाल्कनीत पाच मिनिटे बसले की सदरा अंगाला चिकटतो, आणि कठड्यावरच्या खारट थरामुळे हात चिकट होतात. दार उघडे ठेवले तर दमट हवा आत येऊन आरसे आणि काचा धूसर होतात आणि वातानुकूलनाचा उपयोग राहत नाही. काही जहाजांवर दार उघडताच वातानुकूलन आपोआप बंदही होते. कठड्यावर ओले कपडे वाळत घालण्यास मनाई असते. आमच्या मंडळींना हे विशेष खटकले, कारण खोलीत शिरताच त्यांच्यापैकी प्रत्येकाने जहाजाचा टॉवेल उलटा करून चिमटीत धरला होता आणि त्याचा जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन, किती असावा यावर चर्चा झडली होती. आता तो वाळतो किती वेळात, हेही त्यांना पाहायचे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बाल्कनीचे पैसे वसूल होतात. त्यानंतर तोच फरक चांगल्या जागेवर खर्च करावा, असे मी सांगेन.

सिंगापूरच्या मोठ्या जहाजांवर आणखी एक प्रकार पाहण्यात येतो: जहाजाच्या आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या खोल्या. 1999 साली आलेल्या व्हॉयेजर ऑफ द सीज या जहाजात आतल्या बाजारपेठेवर खिडक्या काढल्या गेल्या, आणि 2009 च्या ओअॅसिस ऑफ द सीजमध्ये तर झाडे लावलेल्या बागेवर बाल्कन्या आल्या. गजबज आवडणाऱ्याला त्या आवडतील. पडदा उघडा राहिला की समोरच्यालाही सर्व दिसते, एवढे भान ठेवावे.

गुडघेदुखीची मंडळी बरोबर असतील तर लिफ्टचा विचार अगत्याने करावा. मोठ्या जहाजांची लांबी तीनशे मीटरच्या पुढे जाते आणि लिफ्ट बहुधा दोनच ठिकाणी असतात, त्यामुळे टोकाच्या खोलीतून जेवायला जाणे हीच एक फेरी होते. लिफ्टच्या अगदी समोरची खोली घेऊ नये, कारण रात्री उशिरापर्यंत तेथे घोळके उभे असतात. चार-पाच दारे सोडून आत असलेली खोली उत्तम. चौघांच्या खोलीत वरचे दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि शिडी चढावी लागते, तेव्हा आजी-आजोबांना त्या खोलीत ढकलून पैसे वाचविण्याचा मोह टाळावा. दर सहसा दोघांच्या हिशेबाने माणशी सांगितला जातो; तिसऱ्या-चौथ्याला तो कमी पडतो आणि एकट्याने खोली घेतल्यास जवळजवळ दुप्पट होतो.

गॅरंटी नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त आरक्षणात खोलीचा प्रकार ठरलेला असतो, पण क्रमांक कंपनी आपल्या सोयीने नंतर देते. एकट्या-दुकट्या तरुणाने ते जरूर घ्यावे, कधी वरच्या प्रकारची खोलीही पदरात पडते. ज्यांना शेजारी-शेजारी राहायचे आहे, ज्यांची झोप सावध आहे किंवा ज्यांना बोट लागते, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

किरकोळ बाबींत एवढेच, की खोलीच्या भिंती बहुधा धातूच्या असल्याने चुंबकाचे हूक नेल्यास ओल्या टोप्या-पिशव्या टांगण्याची चांगली सोय होते, आणि इस्त्री किंवा पाण्याची किटली नेल्यास ती तपासणीतच काढून घेतली जाते.

येत्या ऑक्टोबरच्या सहलीसाठी मी दोन नकाशे पेन्सिलीने भरून ठेवले आहेत. ज्येष्ठांना मधल्या भागातील अडलेल्या खिडकीच्या खोल्या, तरुण विक्रेत्यांना त्याच डेकवरच्या आतल्या, आणि बाल्कन्या फक्त नवविवाहितांना, त्याही मधल्या जिन्याच्या मागेपुढे आणि वर-खाली खोल्याच असलेल्या. क्रमांक लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरणार नाही, असे दलालाला कळविले आहे.